नवं कार्ड बसवलं त्या दिवशी

आमच्या वडवणीच्या घरात संगणक आला तो माझ्या पदवीसाठी, पण त्याचा नाद लागला तो थोरल्या भावाला. दादा वडवणी ते बीड रस्त्यावर प्रवासी जीप चालवायचा. दहावीनंतर त्यानं स्टिअरिंग हातात धरलं, म्हणून मी बीडच्या कॉलेजात शिकू शकलो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचणारा मी पहिला. शेवटच्या वर्षाला मला सराव हवा म्हणून बीडच्या एका क्लासनं मोडीत काढलेला संगणक दादानं विकत घेतला आणि जीपच्या मधल्या सीटवर, चादरीत गुंडाळून, घरी आणला. त्या फेरीला त्यानं मधल्या सीटवर एकही प्रवासी बसू दिला नाही. मागे दाटीवाटीनं बसलेली माणसं कुरकुरत होती.

"आवो, पेटीच हाय ना? घ्या की मांडीवर," एक आजोबा म्हणाले.

"बाबा, पेटी न्हाई ती," दादा म्हणाला. पण मग काय आहे, ते त्यालाही सांगता आलं नाही.

संगणकासोबत गाड्यांच्या शर्यतीच्या खेळाची एक सीडी आली होती. संध्याकाळी फेऱ्या संपल्या की दादा साबणानं हात धुवायचा, ऑइलचा वास जाईपर्यंत धुवायचा, आणि वहिनीनं शिवलेलं कव्हर काढून खुर्चीवर बसायचा. दिवसभर गाडी चालवून आलेला माणूस पुन्हा गाडीच चालवायला बसतो याचं वहिनीला हसू यायचं. पण ती गाडी नीट चालतच नव्हती. जागच्या जागी थिजायची आणि एकदम वळणाच्या पलीकडे, गटारात निघायची. दादाचा एक दोस्त, तोही जीपवालाच, रोज येऊन मागे उभा राहायचा.

"ह्याच्या डिझेलात रॉकेल मिसळलंय बे," तो म्हणायचा.

मी जमेल ते केलं होतं. पडद्यावरचं चित्र काडेपेटीएवढं लहान केलं. खेळाच्या सेटिंगमधून झाडं काढली, सावल्या काढल्या, आकाशही काढलं. उरला तो करडा रस्ता आणि त्याच्या टोकाला पांढरं धुकं. त्या धुक्यात दादा वर्षभर गाडी चालवत राहिला. त्यानं कधी तक्रार केली नाही. उलट मलाच म्हणायचा, "जुनं हाय बिचारं. दम लागतो त्याला."

पदवी झाली, काही महिने मी एका क्लासमध्ये शिकवलं आणि मग पुण्याला नोकरी लागली. निघायच्या आदल्या आठवड्यात औरंगाबादला जाऊन मी दोन वस्तू आणल्या. एक मेमरीची पट्टी आणि एक ग्राफिक्स कार्ड, म्हणजे फक्त चित्र काढण्याचं काम करणारा, तळहाताएवढा सुटा भाग. येताना बसमध्ये तो डबा मी छातीशी धरून बसलो होतो.

निघण्याच्या आदल्या दिवशी दादानं गाडी घरीच लावली. दुपारी लाइट आली की काम सुरू करायचं ठरलं. मला जाण्याआधी एवढंच पाहायचं होतं, की दादाची गाडी एकही गचका न खाता शर्यतीच्या शेवटच्या रेघेपर्यंत जावी. त्याच्यासाठी माझ्या शिक्षणातून मी केलेली ती पहिलीच गोष्ट असणार होती. आणि भीतीही तीच होती. संगणक मी शिकलो होतो, शिकवला होता, पण आतून कधी उघडला नव्हता. माझ्या हातून तो बंद पडला असता तर वडवणीत दुरुस्त करणारं कुणी नव्हतं, आणि मी तर दुसऱ्या दिवशी निघून जाणार होतो.

स्क्रू काढून मी पत्रा बाजूला केला आणि दादा, त्याचा दोस्त आणि मी, तिघांनीही आत डोकावून पाहिलं. आत हिरवी पाटी होती, तिच्यावर केसासारख्या बारीक रेघा. शेकडो रेघा, पण एकही दुसरीला शिवत नव्हती. रस्त्याच्या कडेला गिअरबॉक्स खोलून बसणारा माझा भाऊ हात पाठीमागे बांधून उभा होता.

"ह्यात ऑइल कुठं टाकतेत?"

"ऑइल लागत नाही, दादा. पंखा सोडला तर आत काही फिरतच नाही. अजून एक तबकडी फिरते, ती बंद डब्यात."

"न्हाई फिरत? मंग ती गाडी पळती कशी?"

मी कॉलेजात भौतिकशास्त्रही शिकलो होतो. वीज, आकडे, शून्य आणि एक, असं काहीबाही सांगितलंही. पण सांगता सांगता माझाच आवाज खाली आला. समोर सगळं निश्चल होतं. या निश्चल पाटीतून रस्ता यायचा, वळण यायचं, हे मला आधीपासून माहीत होतं आणि त्या दिवशी पहिल्यांदा खरं वाटेना.

कार्ड खाचेत बसवलं, पट्टी बसवली, बटण दाबलं. पडदा काळाच. आतून लांब शिट्टीसारखा आवाज यायला लागला.

"वरडतंय कावून?" दोस्त म्हणाला. "चांगलं चालतं गाडं खोललं बे तुमी!"

"तू गप रे," दादा म्हणाला. माझ्याकडे मात्र त्यानं पाहिलं नाही. मला वाईट वाटू नये म्हणून पाहिलं नाही, हे मला कळलं.

वायर काढली. पट्टी बाहेर घेतली. क्लासमध्ये ऐकलेलं आठवलं म्हणून तिच्या पिवळ्या कडा खोडरबरनं हलक्या हातानं घासल्या, फुंकर मारली आणि पुन्हा दोन्ही अंगठ्यांनी दाबली. टक् असा आवाज झाला. मघाशी तो झाला नव्हता. बटण दाबलं. एकच छोटी शिट्टी, आणि पडद्यावर अक्षरं उमटायला लागली. माझ्या शर्टाची पाठ भिजली होती.

मग कार्डासोबतच्या सीडीवरून जे घालायचं ते घातलं. खेळ सुरू करून मी काढून टाकलेलं सगळं परत दिलं. झाडं दिली, सावल्या दिल्या, आकाश दिलं. चित्र पडदाभर मोठं केलं आणि खुर्ची दादाला दिली.

शर्यत सुटली. बाकीच्या गाड्या धूळ उडवत निघून गेल्या. दादा मात्र बटण हलकंच दाबत, अगदी हळू, रस्त्याच्या कडेकडेनं निघाला. मला वाटलं, पुन्हा अडकलं.

"पळव की बे! मागं प्याशिंजर हाय का?" दोस्त ओरडला.

"येडा हाय का तू?" दादा म्हणाला. "नवं काम केलंय. पहिल्याच दिवशी दाबायचं न्हाई. जरा बसू दे त्याला."

जीपच्या इंजिनाचं काम केलं की पहिले काही दिवस तो असाच चालवायचा, रिकामी, हलक्या पायानं. मी सांगायला तोंड उघडलं, की कार्डाला असं काही नसतं. पण तोवर पहिलं वळण आलं आणि मी बोलायचं विसरलो.

धुकं नव्हतं. त्याच्या जागी डोंगर होता. डोंगरावर झाडं, झाडांच्या सावल्या रस्त्यावर, आणि गाडी त्या सावलीतून गेली की तिच्या लाल टपावरून सावली सरकत मागे जायची. एक गचका नाही. पाटावर तेल ओघळावं तसा रस्ता येत होता. पुढे डोंगर संपला आणि उजव्या हाताला निळं, चमकणारं काहीतरी पार पडद्याच्या कडेपर्यंत पसरलं.

"हे काय हाय?" दादानं विचारलं.

"समुद्र."

"म्हंजी वर्षभर हितंच होता?"

"इथंच होता. आपल्या यंत्राला त्याचं चित्र काढता येत नव्हतं."

आमच्यापैकी कुणीच समुद्र पाहिलेला नव्हता. दादानं गाडी कडेला घेतली आणि थांबवली. पुढे गेलेल्या गाड्या फेरा पुरा करून आम्हाला दुसऱ्यांदा ओलांडून गेल्या. पाण्यावर ऊन हलत होतं.

"अगं, ये हिकडं," दादानं आत हाक मारली. वहिनी पिठाच्या हातानंच आली आणि दाराशी थांबली. "बस हितं. नेतो तुला."

ती स्टुलावर बसली. दादा पुन्हा निघाला, आता अजूनच हळू. प्रवाशाला गाव दाखवावं तसा दाखवत निघाला. तो बघ पूल, तो बघ दिव्याचा मनोरा. वहिनी एका वळणावर नकळत स्टुलाची कड धरून बसली. शेवटी रस्त्यावर आडव्या पांढऱ्या पट्ट्या दिसायला लागल्या.

"ती रेघ ओलांडली की संपलं बघ," दोस्त म्हणाला.

"आवो, एवढ्यात?" वहिनी म्हणाली.

दादानं रेघेच्या अलीकडे ब्रेक मारला. माझ्याकडे वळून विचारलं, "मागं घेता येतंय का?"

मी बटण दाखवलं. त्यानं गाडी मागे घेतली, भर रस्त्यात वळवली आणि आलो त्या वाटेनं परत निघाला. पडद्यावर मोठा तांबडा बाण लुकलुकायला लागला, चुकीच्या दिशेनं जाताय म्हणून. समोरून शर्यतीतली एक गाडी सुसाट आली. बीडच्या रस्त्यावर द्यायचा तशी दादानं तिला साइड दिली.

समुद्र आता आमच्या डाव्या हाताला होता.