एवढुसं रक्त

अकोल्याच्या कचेरीबाहेर मी अर्ज टाइप करून देतो. हिवरखेडचा तो म्हातारा दर सोमवारी यायचा. खुर्ची पुढे केली तरी बसायचा नाही. टोपी काढून काखेत धरायचा आणि उभ्याउभ्याच मजकूर सांगायचा. त्याच्या मुलाला एजंटाने गोदामातली नोकरी सांगून परदेशी नेलं आणि तिथल्या फौजेत घातलं. लढाई संपली. बाकीची पोरं सुटून घरी आली, याचं आलं नाही.

मागच्या महिन्यात सरकारी दवाखान्यात म्हाताऱ्याचं रक्त घेतलं. तेव्हापासून त्याच्या पिशवीत खजूर असायचे. एकेक चघळायचा, मलाही द्यायचा.

काल म्हणाला, "लिवा भाऊ. त्यायनं एवढुसंच रक्त घेतलं जी. जखमी पोराले तेवढ्यानं काय होते? बाटलीभर घ्या म्हना."

ते रक्त कशाला घेतात, मला ठाऊक होतं. तिकडे ओळख न पटलेली प्रेतं आहेत, त्यांच्याशी ते जुळवून पाहतात. दवाखान्यात कुणी त्याला हे सांगितलं नव्हतं. मी तोंड उघडलं, तर त्याने बाही आधीच दंडापर्यंत सारली होती.

मीही त्या न सांगणाऱ्यांतलाच निघालो. टाइप केलं, 'आणखी रक्त देण्यास तयार आहे.'

अंगठा उमटवताना तो थांबला.

"अजून एक लिवा. हे रक्त बापाचं हाये, एवढं त्याले सांगजा म्हना."

तेही मी टाइप केलं.