"मी बघते," म्हणाले होते

आक्का गेल्या त्या सकाळी मी त्यांच्यापासून दहा पावलांवर मॅट गुंडाळत होते.

आवाज न करता.

आज वर्ष झालं.

शोभाआक्का माझ्या योगाच्या टीचर. शिवाजी पेठेत, तालमीच्या वरच्या हॉलमध्ये त्यांचा सकाळचा बायकांचा क्लास. खाली पोरांच्या जोर-बैठका, वर आमचा प्राणायाम.

मी छत्तिसाव्या वर्षी तिथं गेले. छाती धडधडायची, हात गार पडायचे. सगळे रिपोर्ट नॉर्मल.

पहिल्याच दिवशी आक्का म्हणाल्या, "काय पावणं, श्वास काय घरातनं मोजून आणलाय? घे की पोटभर!"

मी तिथंच रडले. त्यांनी रडू दिलं.

दोन वर्षांनी त्यांनीच मला टीचर ट्रेनिंगला बसवलं. आसनं, श्लोक, थिअरी, सगळं पाठ होतं. प्रॅक्टिकलला शवासन घेतलं. आवाज छान लागला. इतका, की शेवटी मीही डोळे मिटले.

आक्कांनी नापास केलं.

"तू डोळं मिटलंस. मग त्यांच्याकडं कोण बघणार?"

"आक्का, सगळ्या शांत पडल्या होत्या की."

"शांत आन् बेशुद्ध, लांबनं सारखंच दिसतंय. पोट बघायचं. एकेकीचं. वर आलं, खाली गेलं, दिसलं? मगच पुढची."

सहा महिन्यांनी पास झाले आणि त्यांच्याच शेजारी उभी राहून शिकवू लागले.

क्लास संपला की आक्का स्वतः दहा मिनिटं शवासनात पडायच्या, खिडकीखाली. तेवढा वेळ त्यांचा. कुणाच्या किल्ल्या वाजल्या तरी ओरडा बसायचा.

त्या दिवशी क्लासमध्येच म्हणाल्या, "डावा हात जड झालाय गं. काल गाद्या उन्हात टाकल्या न्हवं."

मी म्हणाले, "मग पडा की आक्का. शवासन करा. बाकीचं मी बघते."

मी बघते.

बायका बोलत होत्या, त्यांना मी 'शूऽ' केलं. पंखा एकवर केला. चपला हातात घेऊन सगळ्या जिना उतरलो. दार मीच ओढलं. कडी वाजू नये म्हणून मध्ये बोट धरलं.

अर्ध्या तासानं डबा विसरला म्हणून परत गेले.

आक्का तशाच होत्या. तळवे वर.

पोट बघितलं. तेव्हा बघितलं.

डॉक्टर म्हणाले, नक्की वेळ सांगता येणार नाही. मी विचारलं, लगेच कळलं असतं तर? त्यांनी पेन खिशाला लावलं.

लोक म्हणाले, "शवासनात गेल्या. योग्याचं मरण!"

प्लीज, आज कमेंटमध्ये हे लिहू नका.

आक्कांची मुलगी वैशू आजऱ्याहून धावत आली. माझे दोन्ही हात धरून तिनं विचारलं, "मावशी, आई शेवटाला कशी दिसत हुती?"

"शांत," मी म्हणाले.

वैशू, तू हे वाचशील. फोनवर सांगायचा धीर वर्षभर झाला नाही. आज सकाळीही तुझा नंबर काढला आणि फोन खाली ठेवला.

मला माहीत नाही गं. दार ओढताना मी त्यांच्याकडं बघितलंच नव्हतं.

शांत असतीलही.

किंवा मला हाक मारायला धडपडत असतील, आणि मी सगळ्यांना गप्प करत होते.

तू मला काय म्हणशील ते म्हण. पण "शांत" हे मी खोटं बोलले.

वर्षभर मी क्लासला शवासन घेतलं नाही. बसवूनच संपवते. बायका भांडतात, "अवो मॅडम, झोपवा की जरा! त्याच्यासाठीच तर येतोय!"

आज घेतलं.

सोळाजणी होत्या. उघड्या डोळ्यांनी एकेकीचं पोट बघत फिरले. वर, खाली. दिसलं. मगच पुढची.

सोळा झाल्या, आणि पाय आपोआप खिडकीपाशी गेले. तिथं नुसती फरशी. सोळाजणींकडं पाठ करून मी बघतच राहिले. किती वेळ, कुणास ठाऊक.

मागून एकीनं पडल्यापडल्याच विचारलं, "मॅडम, उठायचं का?"

आक्का, मी नापासच.

नमस्कार करते.