थोरलीने नाकारलेला प्रश्न

मंडईच्या पत्र्याखाली सकाळी जी गर्दी असते, तिच्यातलं सगळ्यात कमी वयाचं आणि सगळ्यात जास्त दरारा असलेलं गिऱ्हाईक म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरची थोरली. वय सोळा. तिची आई इस्पितळाच्या धुलाईघरात पहाटेच्या पाळीला जाते, बाबा बस डेपोत इंजिनं दुरुस्त करतात, आणि आजोबा जेवणाला नावं ठेवतात. ज्याने त्याने आपापलं काम निवडल्यावर उरला बाजार. हातातली पिशवी जेमतेम जमिनीवरून वर राहायची, तेव्हापासून तो थोरलीकडे आहे.

तिची एक पद्धत आहे. पहिली फेरी हात पाठीमागे बांधून. काही उचलायचं नाही, काही विचारायचं नाही, शाळा तपासायला आलेल्या अधिकाऱ्यासारखं नुसतं बघत जायचं. खरेदी दुसऱ्या फेरीत. आणि पहिल्या फेरीत ज्याने आपण होऊन हाक मारली, त्याच्या गाळ्यावर दुसऱ्या फेरीत थांबायचं नाही.

"चांगला माल ओरडत नाही," ती म्हणते. "घ्याच घ्याच म्हणून जो मागे लागतो, त्याच्या मालात खोट असते."

मंडईत तिला 'साहेब' म्हणतात. ती कोपऱ्यावर दिसली, की भाजीवाली मावशी शेजारच्या गाळ्याला ऐकू जाईल अशा बेताने पुकारते, "आले रे साहेब! झाका ती वांगी!"

"राहू द्या मावशी, मी रस्त्यावरूनच बघितली."

मावशीला याचा राग येत नाही. स्वतःचे दोन्ही मुलगे कांदा आणि लसूण यांतही गोंधळ घालतात, त्यामुळे तिला या मुलीबद्दल जे वाटतं ते कौतुकाच्या पलीकडचं आहे. त्याला हाव म्हणता येईल.

अशी ही थोरली वार्षिक परीक्षेत गणितात नापास झाली. घरात कुणाचाच विश्वास बसेना. गणिताच्या बाईंचाही बसला नव्हता. त्यांनी बापलेकीला शाळेत बोलावून उत्तरपत्रिका पुढे ठेवली.

"हा पहिला प्रश्न का सोडलास?"

"त्यावर 'अनिवार्य' लिहिलं होतं."

"मग?"

"मग मला शंका आली."

चाचण्यांमध्ये असला प्रश्न कधी नसायचा, हे त्यांनाही मान्य होतं. थोरलीने आधी हात न लावता सगळी प्रश्नपत्रिका फिरून घेतली होती, मग परत येऊन एकेक प्रश्न निवडला होता.

"बाकी कुठल्याच प्रश्नावर 'सोडवाच' असं नव्हतं. ह्याच्यावरच का? म्हटलं, काहीतरी गळ्यात मारताहेत. त्याच्या बदल्यात खालचे दोन जास्तीचे सोडवले."

"अगं, जास्तीचे धरत नाहीत, आणि अनिवार्य सोडला की नापास. पण तो येत होता का तुला?"

"येत होता. सोप्पा होता. म्हणून तर जास्तच शंका आली."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. हसू आवरायची ही त्यांची जुनी रीत असावी. शेवटी म्हणाल्या, "महिन्याभराने फेरपरीक्षा आहे. तिला बस. सुटशील."

बाबांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. ते नाकासमोर चालणारे गृहस्थ. मावशीने कधीपासून सांगून ठेवलं होतं, की पोरगी माझ्या गाळ्यावर बसू दे, पुढे गाळाच तिचा. त्या संध्याकाळी बाबांनी निकाल देऊन टाकला. "शाळा पुरे. बाजारात साहेब म्हणतात, शाळेत नापास म्हणतात. जिथे मान आहे तिथे जावं माणसाने."

"मला शाळेत जायचंय," थोरली म्हणाली.

"का? एक कारण सांग."

ती म्हणाली, "बाबा, मंडईत सगळ्यांना सगळं माहीत असतं, पण सांगत कुणी नाही. मावशीला माहीत असतं कुठला फ्लॉवर कालचा आहे. सांगते का? मला जे कळतं ते मी फसून फसून शिकले. शाळेत बाईंना जे येतं ते त्या सगळं फळ्यावर लिहून मोकळ्या होतात. वर विचारतात, कळलं का, नाहीतर परत सांगते. असा दुकानदार तुम्ही कधी बघितलाय?"

बाबांनी बघितला नव्हता. पण हरायचंही नव्हतं. "आणि अभ्यास कधी करणार? सकाळी बाजार, संध्याकाळी स्वयंपाक..."

"स्वयंपाक करेन. महिनाभर बाजार तुम्ही करा."

आजोबांनी कवळी काढून वाटीत ठेवली. गंभीर प्रसंगी ते असं करतात.

बाबा बाजाराला निघाले. मंडईला माणूस बघताक्षणी कळतो, आणि बाबा तर हाक मारली की थांबणारे, वर विचारल्याबद्दल आभार मानणारे. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून ते रोग ओळखतात. पण वांग्याला आवाज नसतो. पहिल्या दिवशी त्यांनी किडकी वांगी आणली, दुसऱ्या दिवशी मोड आलेले बटाटे, मग कडू काकड्या, मग एक मासा, ज्याच्याविषयी मृतांबद्दल चांगलंच बोलावं या नियमाने काही बोलत नाही. शिळा फ्लॉवर खुद्द मावशीने दिला. नंतर कुणी टोकलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "ते साहेबांचे वडील असतील. माझ्याकडे गिऱ्हाईक म्हणून आले होते."

आठवड्याभरात आईचा धीर सुटला. "अगं, उद्याचा एक दिवस तू जा. अर्ध्या तासाचं तर काम."

थोरलीचे हात शिवशिवत होते. समोर ताटात जून भेंडी होती, आणि तिच्यासारखीला तो घरचा अपमानच. ती उठली. दारातल्या चपलांपर्यंत गेली. पिशवी खुंटीवरून काढली, झटकली, नीट घडी घालून बाबांच्या डब्याशेजारी ठेवली. मग परत येऊन बसली आणि भेंडी दोऱ्यांसकट चावून गिळली. ब्र काढला नाही. मी बऱ्याच लोकांची ज्ञाननिष्ठा वाचली आहे. दातांनी सिद्ध केलेली ही एवढीच पाहिली.

बाबांनी ते बघितलं. त्या रात्रीपासून शाळा सोडायचा विषय त्यांच्या तोंडून निघाला नाही. उलट सकाळी ते लवकर उठून जाऊ लागले. भाजीत त्याने फरक पडला नाही.

फेरपरीक्षेत थोरलीने अनिवार्य प्रश्न सगळ्यांत आधी सोडवला, नाक मुरडत का होईना. पास झाली, आणि चांगली झाली. बाबा स्वतः तिच्याबरोबर पुढच्या वर्गाच्या प्रवेशाला गेले आणि येताना, आनंदाच्या भरात, टोमॅटो घेऊन आले.

जेवताना त्यांनी जाहीर केलं, "ती शिकेल तोवर बाजार माझ्याकडे."

"किती शिकणार आहेस गं?" आजोबांनी विचारलं.

"डॉक्टरकीपर्यंत तरी."

आजोबांनी वाटीतल्या टोमॅटोकडे बघितलं, मनाशी काही हिशेब केला. "म्हणजे मी मरेपर्यंत हेच," ते म्हणाले आणि वाटी पुढे केली. "वाढ अजून."