आईच्या कप्प्यातला ताप

आईने आयुष्यात दोन गोष्टी मनापासून केल्या: मेंढ्या सांभाळल्या आणि काकूवर जळली. दोन्ही एकाच छपराखाली, कारण ही धाकटी जाऊ तिच्या पाठोपाठ त्याच मेंढी संशोधन केंद्रात नोकरीला चिकटली.

यंदा तिथल्या डॉक्टरबाईंनी सहा-सहा मेंढ्यांचे दोन कप्पे केले. एक आईकडे, एक काकूकडे. एका कप्प्याला गोचिडांतून पसरणाऱ्या विषाणूवरची नवी लस टोचली, दुसऱ्याला नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय, ते बंद पाकिटात. महिन्याने सगळ्यांना तोच विषाणू दिला. दुखणं सौम्य, ताप चढतो, चार दिवसांत उतरतो. दोघींनी रोज ताप मोजून आपापल्या वहीत लिहायचा.

तिसऱ्या दिवशी आईच्या मेंढ्या एक्केचाळीस अंशांवर. काकूच्या निवांत रवंथ करत बसलेल्या.

"मी काही वेगळं करत नाही हो, ताई," काकू नाकातून, साखर घोळत. "नुसता पाठीवरून हात फिरवते. जनावराला माणूस कळतं."

त्या दिवशी घरी कढईची कंबख्ती. "हात फिरवते म्हणे. पंधरा वर्षं मी काय लाटणं फिरवत होते?"

आणि ताप उतरेपर्यंत आईने वहीत रोज सहाही जणींचा एकोणचाळीसच लिहिला. म्हणजे ठणठणीत.

पुढचं मी दोघींच्या तोंडून ऐकलंय. शब्द जुळतात, सूर नाही.

पाकीट उघडलं. लस काकूच्या कप्प्याला होती. डॉक्टरबाईंनी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या नि चष्मा काढला. "लस न दिलेल्यांनाही ताप नाही. मग लसीने राखलं, असं कशावरून म्हणू? तीन वर्षांचं काम पाण्यात."

आई गप्पच राहिली असती. पण काकू पुटपुटली, "लसीचं राहू द्या हो बाई. मायेनं केलं की होतं."

"माया कसली, सुई ती," आई म्हणाली. "माझ्या सगळ्या तापल्या होत्या. मी खोटं लिहिलं."

"का?"

आईने काकूकडे नुसती हनुवटी उडवली.

"म्हणजे माझ्या हाताचं काहीच नाही?" काकूचा आवाज पार बसला.

"काही नाही," आई म्हणाली. इतकी सुखात ती माझ्या बारशालाही नसेल.

आता प्रयोग पुन्हा मांडलाय. दोन्ही वह्या काकूकडे. आईने मेंढी धरायची. काकू थर्मामीटर उजेडात धरून सावकाश वाचते. "अडतीस पूर्णांक नऊ. लिहू ना, ताई, खरं खरं?"

आई लोकरीत बोटं रुतवते. "आधी परत मोज."