काटकोनात अडलेलं पाणी

मंडळी, आज इंदापुरात एक अलौकिक सौंदर्यदृष्टी पाहून आलो. तिरस्कार ताजा आहे तोवर लिहितो.

माझी सुभाषितांची पुस्तिका दत्ताच्या टायपिंगच्या दुकानातल्या संगणकात होती. दुसरी प्रत कुठेही नव्हती. हा दत्ता डाळिंबाच्या बागवाल्याचा मुलगा. संगणक जास्त जोरात पळवायच्या नादात तो तापू लागला, म्हणून याने माशांच्या टाकीचा पंप आणि ठिबकच्या बारीक नळ्या जोडून आत पाणी खेळवलं.

"सर, काटकोन बघा! एक तरी नळी वाकडी दिसती का?"

काटकोन खरोखर रेखीव होते. संगणक मात्र दहा मिनिटांत तापून बंद पडला.

डबा घेऊन आलेल्या त्याच्या आईने आत डोकावलं. "आरं शाण्या, बागंत नळीचं पाणी बंद करायला आपुन ती अशीच दुमडतो न्हवं? मग हितं पाणी जाईल कुठनं?"

दत्ताने काटकोनांसाठी बांधलेल्या दोऱ्या सोडून तिने नळ्यांना ऐसपैस वळसे दिले. यंत्र चाललं.

"आये, पण बेंगरूळ दिसतंय."

"मग काय लगीन लावायचंय त्याचं?"

मी आधी पुस्तिका फ्लॉपीवर उतरवून घेतली. तेवढ्यात दत्ताने पुन्हा काटकोन साधायला मोजपट्टी काढली होती.

तुमच्या ओळखीत आहेत का असे कलावंत, की तुम्हीच ते?