राखीव फ्लॉपीवर घालायची राहिलेली फाईल

उचगावचे गौस मिस्त्री मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. कॉम्प्युटर ते चाळिशीत शिकले, शेजारी शब्दकोश ठेवून इंग्रजी पुस्तकं वाचत. अठ्ठ्याऐंशी साली कोल्हापुरातल्या एका रक्तपेढीचा कॉम्प्युटर त्यांच्याकडे देखभालीला होता. रक्तदात्यांची सगळी नावं त्याला जोडलेल्या डिस्क ड्राइव्हमध्ये होती. नावांची जुनी कागदी कार्डं केव्हाच रद्दीत गेली होती.

मे महिन्यातल्या एका सकाळी तिथल्या कारकून कालिंदीबाईंचा निरोप आला. बाळंतपणात अडलेल्या एका बाईला ओ निगेटिव्ह रक्त हवं होतं. पेढीत ते शिल्लक नव्हतं आणि ड्राइव्ह काही लागत नव्हता. मशीन सुरू करायची रोजची फ्लॉपी खराब झाली, म्हणून बाईंनी कपाटातली राखीव फ्लॉपी घातली होती. तेव्हापासून ड्रायव्हर, म्हणजे मशीनला त्या ड्राइव्हची ओळख करून देणारी फाईल, लोडच होत नव्हती. बाईंनीच काहीतरी बिघडवलं, असं व्यवस्थापक सगळ्यांदेखत बोलून मोकळे झाले होते.

गौसनी केबल बदलली, ड्राइव्हचा डबा उघडला, आतलं कार्ड काढून पुसून परत बसवलं. त्यात दीड तास गेला. शेवटी त्यांनी फ्लॉपीवरच्या फायलींची यादी पडद्यावर आणली आणि वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली. ड्रायव्हरची फाईल तिच्यावर नव्हतीच. ती फ्लॉपी त्यांनीच तयार करून दिली होती.

मूळ फ्लॉपी उचगावात, घरी. जाऊन यायला आणखी पाऊण तास. ती घातल्यावर ड्राइव्ह लागला आणि ओ निगेटिव्हची सात नावं निघाली. त्यातला आकाराम नावाचा फाउंड्रीतला कामगार काम टाकून तसाच आला.

काय झालं होतं, असं व्यवस्थापकांनी विचारलं. धूळ बसली होती म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"बाईंची काय बी चूक न्हाय," गौस म्हणाले. "कापी मीच केलती. फाईल घालायची माझ्याकडनं ऱ्हायली."

बाळंतीण वाचली, मूल गेलं. रक्त लवकर मिळालं असतं तरी मूल हाती लागलं नसतं, असं डॉक्टरांनी गौसना दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा त्यांनी ऐकून घेतलं, पण मान डोलावली नाही.

दुसऱ्या दिवसापासून ते रोज दुपारी एक जाड वही घेऊन पेढीत येऊ लागले. कालिंदीबाई पडद्यावरची नावं आणि पत्ते वाचत, ते लिहून घेत. अकराशे नावं उतरायला श्रावण उजाडला.