आधी हात, मग भाव

शहागंजातले अत्तरवाले चाचा भाव आधी कधीच सांगत नाहीत. "हात द्या, शेठ," म्हणत मनगटावर अत्तराची काडी फिरवतात. संत्र्याच्या फुलांचा वास येतो, मोसंबीची बाग बहरात यावी तसा, आणि मागून लव्हेंडर-रोजमेरीचा पाल्यासारखा गारवा. भांडायला आलेला माणूस ढिला पडतो. मग चाचा भाव सांगतात.

हातगाडीपासून स्वतःच्या दुकानापर्यंत मी घासाघिशीवरच आलो. अख्ख्या बाजारात मला हरवणारा हा एकच माणूस, आणि त्याची ही युक्ती मला काल कळली!

आज दोन्ही हात खिशात घालून गेलो.

"हात, शेठ?"

"आधी भाव!"

चाचा हसले. मग मी असा तुटून पडलो की शेजारचे दुकानदार बघायला आले. शेवटी कुपी माझ्याच भावात कागदात बांधली गेली. जिंकलो!

चाचांनी तीच काडी शांतपणे स्वतःच्या मनगटावर फिरवली. "आज मलाच लई गरज हाय, शेठ," म्हणाले आणि डोळे मिटून बसले.

वास हळूहळू माझ्यापर्यंत आला. माझा हात खिशातून कधी निघाला, कळलंच नाही.

"चाचा, अजून एक द्या. भाव तुमचा."